नियम ४२: क्रोक पार्कचं दार कुणी, कुणासाठी आणि किती दिवस उघडलं

एप्रिल २००१ मध्ये आयर्लंडच्या गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशनच्या, म्हणजे जीएएच्या, वार्षिक अधिवेशनात रॉसकॉमन काउंटीचा एक ठराव मतदानाला आला. डब्लिनचं क्रोक पार्क हे आपलं मुख्य मैदान, नियम ४२ नं ‘परके’ म्हणून बाहेर ठेवलेल्या दुसऱ्या खेळांना द्यायचं की नाही, हे ठरवायचा अधिकार मध्यवर्ती समितीला द्यावा, एवढीच मागणी. बाजूनं १७६ मतं पडली, विरोधात ८९. आपल्याकडच्या कुठल्याही निवडणुकीत याला दणदणीत विजय म्हटलं असतं. पण संघटनेचा नियम बदलायला दोन तृतीयांश मतं लागतात आणि २६५ चे दोन तृतीयांश होतात १७७. ठराव एका मतानं पडला.

अधिवेशनाच्या तोंडावरच सरकारनं जीएएला सहा कोटी आयरिश पौंडांचं अनुदान देऊ केलं होतं. पैसे खिशात पडणार असतील तर परक्यांना घरात घ्यायचं कशाला, असा विचार काही प्रतिनिधींच्या मनात आला नसेल असं मानणं अवघड आहे. सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटची सभा ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे चित्र ओळखीचं वाटेल: बहुमत एका बाजूला, नियम दुसऱ्या बाजूला आणि ऐन वेळी कुणीतरी टेबलावर ठेवलेली रक्कम.

चार वर्षांनी हेच दार उघडलं. मधल्या काळात नेमकं काय बदललं, हे या प्रकरणात पाहण्यासारखं आहे. क्रोक पार्क उघडलं त्याच सुमारास त्याच बेटावर मैदान वाटून घ्यायची आणखी एक योजना मातीत गेली आणि तिसरी रडतखडत का होईना पार पडली. माझ्या मते फरक पडला तो तिथं येणारा पाहुणा होता, भागीदार होता की वरून लादलेला सहनिवासी होता, यामुळे.

मैदान कुणाचं

जीएएची स्थापना १ नोव्हेंबर १८८४ रोजी टिपररी काउंटीतल्या थर्ल्स गावी एका हॉटेलात झाली. हर्लिंग (काठी-चेंडूचा खेळ) आणि गेलिक फुटबॉल (हातानंही चेंडू खेळायची मुभा असलेला) हे देशी खेळ इंग्रजी खेळांच्या रेट्यात बुडू नयेत म्हणून. क्लब गावपातळीवर, पॅरिशच्या, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीच्या, हिशेबानं. खेळाडूंना आजही पगार नाही. अखिल आयर्लंड अंतिम सामन्यात ऐंशी हजार लोकांसमोर खेळलेला माणूस सोमवारी शाळेत शिकवायला किंवा बँकेत कामाला जातो. क्रोक पार्कची जागा संघटनेनं १९१३ मध्ये विकत घेतली आणि आपले आश्रयदाते आर्चबिशप क्रोक यांचं नाव तिला दिलं.

२१ नोव्हेंबर १९२० च्या सकाळी, स्वातंत्र्ययुद्ध चालू असताना, आयरिश बंडखोरांचा नेता मायकेल कॉलिन्स याच्या माणसांनी डब्लिनमध्ये ब्रिटिश गुप्तहेरांना टिपलं. दुपारी ब्रिटिश दलं क्रोक पार्कमध्ये घुसली. डब्लिन आणि टिपररी यांचा गेलिक फुटबॉल सामना चालू होता. गोळीबार जेमतेम दीड मिनिट चालला आणि त्यात चौदा जणांचा जीव गेला. त्यात तीन मुलं होती, सगळ्यात लहान दहा वर्षांचं. टिपररीचा खेळाडू मायकेल होगन मैदानातच पडला. आज मुख्य स्टँडला त्याचंच नाव आहे. तेव्हा जीएएच्या जुन्या माणसाला क्रोक पार्क म्हणजे नुसतं स्टेडियम वाटत नाही, आणि तिथं ‘गॉड सेव्ह द क्वीन’ वाजण्याची कल्पना त्याला का सोसवत नव्हती हे समजायला फार कल्पनाशक्ती लागत नाही.

या भावनेचे नियम झाले आणि नियमांचा अतिरेकही झाला. ‘परके खेळ’ म्हणजे रग्बी, सॉकर (आपण ज्याला नुसतं फुटबॉल म्हणतो तो), हॉकी आणि क्रिकेट. सदस्यानं हे खेळायचे नाहीत आणि पाहायलाही जायचं नाही, असा नियम २७. देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष डग्लस हाइड १९३८ मध्ये आयर्लंड-पोलंड सॉकर सामना पाहायला गेले म्हणून जीएएनं त्यांचं आश्रयदातेपद काढून घेतलं. आयरिश भाषेच्या पुनरुज्जीवनासाठी आयुष्य घातलेला हा माणूस! गंमत अशी की संघटनेचा संस्थापक मायकेल क्युसॅक स्वतः रग्बी खेळलेला होता आणि त्याला क्रिकेटची आवड होती. नियम २७ गेला १९७१ मध्ये. राहिला तो नियम ४२: आमच्या मैदानावर ते खेळ होणार नाहीत.

तोही सगळ्यांना सारखा लागू नव्हता. १९७२ मध्ये मुहम्मद अली क्रोक पार्कमध्ये मुष्टियुद्ध खेळून गेला. १९९७ मध्ये अमेरिकन फुटबॉलचा सामना झाला. रॉक संगीताच्या मैफली झाल्या. अडचण फक्त रग्बी आणि सॉकरची, कारण ते ‘गॅरिसन गेम्स’, ब्रिटिश छावण्यांतून आलेले खेळ. दुसरी, जास्त व्यवहारी भीती अशी: तेच खेळ गावातली पोरं पळवतात. आपल्या पैशानं बांधलेलं मैदान स्पर्धकाला देऊन त्याची दुकानदारी का वाढवायची? भावनिक कारणाची टिंगल करणं सोपं असतं. या दुसऱ्या कारणाला मात्र कुणाकडे चटकन उत्तर नव्हतं.

गरज कुणाला होती

१९९३ पासून जीएएनं क्रोक पार्क टप्प्याटप्प्यानं पाडून पुन्हा बांधलं. २००५ पर्यंत काम चाललं. खर्च साधारण २६ कोटी युरो, प्रेक्षकक्षमता ८२,३००. हौशी खेळाडूंच्या संघटनेनं युरोपातल्या सगळ्यात मोठ्या स्टेडियमांपैकी एक उभं केलं, आणि ते वर्षातले बरेचसे दिवस रिकामं असायचं.

तिथून काही किलोमीटरवर, डब्लिनच्या दक्षिण भागात, लान्सडाउन रोड. मालक रग्बीची संघटना आयआरएफयू. १८७८ पासून तिथं आंतरराष्ट्रीय रग्बी चालू. सॉकरची संघटना एफएआय तिथं भाडेकरू. मैदान जुनं, जागा चिंचोळी, एका अंगाला लोकल गाड्यांचा रूळ खेटून. रग्बीला उभ्या प्रेक्षकांसकट सुमारे ४९ हजार लोक मावत. सॉकरच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांत उभं राहायला बंदी, त्यामुळे तो आकडा ३६ हजारांच्या आसपास यायचा.

यावर प्रत्येकानं आपापलं औषध शोधलं. एफएआयनं स्वतःचं ‘एरकॉम पार्क’ बांधायची घोषणा केली आणि २००१ मध्ये गुंडाळली. पंतप्रधान (तिथं ‘टीशक’ म्हणतात) बर्टी अहर्न यांनी डब्लिनमधल्या अ‍ॅबटस्टाउनला ऐंशी हजारांचं राष्ट्रीय स्टेडियम काढलं. लोकांनी त्याचं नाव ठेवलं ‘बर्टी बोल’. सरकारातल्या धाकट्या भागीदार पक्षातून टीका झाली, चाउशेस्कूच्या काळातल्या प्रकल्पांशी तुलना झाली, आणि तेही २००२ मध्ये बारगळलं. त्याच वर्षी स्कॉटलंडबरोबर मागितलेला युरो २००८ या सॉकर स्पर्धेच्या यजमानपदाचा मान ऑस्ट्रिया-स्वित्झर्लंडकडे गेला. ज्या देशानं स्पर्धा मागितली त्याच्याकडे दाखवायला नक्की स्टेडियम नव्हतं. होतं ते एक, आणि त्याला कुलूप.

जानेवारी २००४ मध्ये चित्र स्पष्ट झालं. लान्सडाउन रोड पाडून नवं बांधायचं, सरकार १९.१ कोटी युरो देणार, उरलेले आयआरएफयू आणि एफएआयनं मिळून उभे करायचे. म्हणजे तीनेक वर्षं दोन्ही राष्ट्रीय संघ बेघर. मग आयर्लंडचे ‘घरचे’ सामने कार्डिफला किंवा इंग्लंडात खेळवावे लागतील अशी चर्चा सुरू झाली. मला वाटतं प्रकरण इथं वळलं. तोवर प्रश्न होता, परक्या खेळाला आत घ्यायचं का. आता प्रश्न झाला, आयर्लंडच्या संघाला इंग्लंडात पाठवायचं का, तेही डब्लिनमध्ये ८२ हजार खुर्च्या रिकाम्या ठेवून. राष्ट्रवादाचा जो मुद्दा इतकी वर्षं कुलुपाच्या बाजूनं होता तो अलगद किल्लीकडे सरकला.

‘तात्पुरतं’ हा शब्द

तरी २००४ मध्ये अधिवेशनापर्यंत ठराव पोचलेच नाहीत. माजी अध्यक्षांच्या समितीनं ते तांत्रिक कारणांवरून नियमबाह्य ठरवले. कागदावरची चूक दाखवून नकोसा विषय टाळायची ही कला सहकारी संस्थांत मुरलेल्यांना शिकवावी लागत नाही. अध्यक्ष होते केरीचे शॉन केली, आणि ते ठराव मतदानाला यावेत या मताचे. पुढच्या वर्षी ठराव नीट लिहून आले.

१६ एप्रिल २००५. ठरावात नियम ४२ रद्द करा असं कुठंही नव्हतं. लान्सडाउन रोड बांधकामासाठी बंद असेल तेवढ्याच काळापुरतं, फक्त क्रोक पार्क, आणि निर्णय मध्यवर्ती समितीचा. उत्तरेकडच्या, म्हणजे ब्रिटनचा भाग असलेल्या उत्तर आयर्लंडच्या, सहाही काउंट्या आणि दक्षिणेतलं कॉर्क विरोधाची भूमिका घेऊन आल्या होत्या. उत्तरेतल्या लोकांचं म्हणणं दक्षिणेतल्या वर्तमानपत्रांनी पुरेसं ऐकून घेतलं नाही असं मला वाटतं. त्यांच्यासाठी ब्रिटिश सैन्य हा इतिहासाचा धडा नव्हता, कालपरवापर्यंतचा रोजचा अनुभव होता. मतदान गुप्त झालं. बाजूनं २२७, विरोधात ९७. हवी होती २१६.

एका मतानं पडलेला विषय अकरा मतं राखून निघाला. मतं बदलली यात शब्दरचनेचा वाटा मोठा होता. भाडेकरूला ठराविक मुदतीच्या कराराने घर देणं आणि त्याचं नाव सातबाऱ्यावर चढवणं यात जो फरक आहे, तो २००५ च्या ठरावानं प्रतिनिधींना दाखवला. आपण हरलो असं कुणाला वाटायला नको होतं. नियम जागच्या जागी राहिला, फक्त त्याला पोट-कलम जोडलं गेलं.

दोन खेळ, एक गवत

कागद झाला, पण मैदान? गेलिक फुटबॉलचं मैदान १४५ मीटरपर्यंत लांब आणि ९० मीटरपर्यंत रुंद असू शकतं. रग्बी आणि सॉकर त्याच्या मानानं अंगणातले खेळ. क्रोक पार्कमध्ये ते मधोमध आखले की पहिल्या रांगेतला प्रेक्षकसुद्धा रेषेपासून लांब. गोलपोस्ट दोन्हीकडे इंग्रजी एच अक्षरासारखे, पण गेलिकमध्ये खांब साडेसहा मीटर अंतरावर, आडवी दांडी अडीच मीटरवर आणि खाली जाळी. रग्बीत अंतर ५.६ मीटर, दांडी तीन मीटरवर, जाळी नाही. म्हणजे प्रत्येक वेळी खांब उपटा, दुसरे रोवा. ‘हिल सिक्स्टीन’ ही उघडी पायऱ्यांची बाजू डब्लिनवाल्यांची लाडकी, तिथं उभं राहूनच सामना पाहायचा. सॉकरसाठी तिथंही तात्पुरत्या खुर्च्या बसवाव्या लागल्या, तरी क्षमता चौऱ्याहत्तर हजारांच्या आसपास उतरलीच. संध्याकाळच्या सामन्यांसाठी प्रकाशझोत हवे होते. ते लागले आणि पहिल्यांदा पेटले ३ फेब्रुवारी २००७ ला, डब्लिन-टिरोन या जीएएच्याच सामन्यात. पाहुणे यायच्या आठवडाभर आधी यजमानांनी स्वतःच्या घरात दिवा लावून घेतला, हे मला फार आवडतं.

११ फेब्रुवारीला रग्बीचा पहिला सामना झाला, फ्रान्सविरुद्ध. अगदी शेवटी फ्रान्सच्या व्हॅन्सॉ क्लेर्कनं ट्राय करून, म्हणजे चेंडू गोलरेषेपलीकडे टेकवून, आयर्लंडला १७-२० असं हरवलं. पण सगळ्यांचं लक्ष तेरा दिवसांनंतरच्या तारखेवर होतं.

२४ फेब्रुवारी २००७, प्रतिस्पर्धी इंग्लंड. केरीच्या एका जुन्या नामवंत खेळाडूची पदकं क्रोक पार्कच्या संग्रहालयात ठेवलेली होती. ब्रिटिश राष्ट्रगीत तिथं वाजणार म्हणून त्याच्या मुलानं ती परत नेली. बाहेर थोड्या लोकांनी निदर्शनं केली. त्यातला एक फोटो आजही फिरतो: ‘परके खेळ नकोत’ असा फलक धरलेला माणूस, आणि अंगात सेल्टिकचा, म्हणजे स्कॉटलंडमधल्या सॉकर क्लबचा शर्ट. आत ऐंशी हजारांहून जास्त लोक. ‘गॉड सेव्ह द क्वीन’ सुरू झालं. शिट्टी नाही, आरडाओरडा नाही. लोक शांतपणे उभे राहिले आणि संपल्यावर टाळ्या वाजल्या. मग आयर्लंडचं राष्ट्रगीत, ‘अव्हरॉन ना व्हीअन’. कॅमेरा फिरत फिरत आयर्लंडच्या जॉन हेजवर आला. धिप्पाड गडी, शेतकरी, संघातला सगळ्यात अबोल समजला जाणारा, आणि गालावरून पाणी वाहतंय.

आयर्लंडनं ४३-१३ असा सामना मारला. त्यातला एक ट्राय लक्षात राहिला तो वेगळ्याच कारणानं. रोनन ओगारानं मैदानाच्या दुसऱ्या टोकाला उंच लाथाडलेला चेंडू मीथ काउंटीच्या शेन होर्गननं हवेत झेपावून, हात वर करून, तसाच टिपला जसा गेलिक फुटबॉलपटू टिपतो, आणि तो रेषेपलीकडे पडला. त्या मैदानानं असे झेल शंभर वर्षं पाहिले होते.

पुढच्या महिन्यात सॉकर आला, वेल्सविरुद्ध १-०. मे २००९ मध्ये लेन्स्टर आणि मन्स्टर या दोन आयरिश प्रांतांच्या रग्बी सामन्याला ८२,२०८ लोक आले. क्लब रग्बीतला तो त्या वेळचा जागतिक विक्रम. जीएएला भाड्यापोटी कोट्यवधी युरो मिळाले. प्रवाह उलटा फिरला आणि गेलिक खेळ बुडाले असं काही झालं नाही. मे २०११ मध्ये खुद्द राणी एलिझाबेथ क्रोक पार्कमध्ये येऊन गेल्या. चार वर्षांपूर्वीची ती संध्याकाळ झाली नसती तर ही भेट कुणी सुचवली असती का, शंका आहे.

भागीदारीचा जमाखर्च

लान्सडाउन रोडची गोष्ट कमी हळवी, जास्त हिशेबी. ३१ डिसेंबर २००६ ला शेवटचा सामना, मग पाडकाम. १४ मे २०१० ला त्याच जागी अविवा स्टेडियम उघडलं. ५१,७०० खुर्च्या, खर्च ४१ कोटी युरो. प्रायोजक विमा कंपनी, नाव तिचंच. जुन्या लोकांच्या तोंडी अजून लान्सडाउन रोड.

इमारतीकडे पाहिलं की वाटाघाटी दिसतात. तीन बाजूंनी स्टँड लाटेसारखे उंच चढतात आणि उत्तरेला एकदम खाली येतात, एका मजल्यावर. तिकडे हॅवलॉक स्क्वेअरची बैठी घरं आहेत. त्यांचा उजेड अडवायचा नव्हता. शेजाऱ्यांच्या खिडक्यांनी राष्ट्रीय स्टेडियमचा आकार ठरवला.

एफएआय इथं जुन्या भाडेकरूची भागीदार झाली आणि भागीदाराला आपला वाटा आणावा लागतो. तिनं दहा वर्षांची महागडी तिकिटं आगाऊ विकून पैसा उभा करायचं ठरवलं. एकेक तिकीट हजारो युरोंचं. योजना बाजारात आली सप्टेंबर २००८ मध्ये. त्याच महिन्यात जगभर बँका कोसळत होत्या, आणि आयर्लंड त्या खड्ड्यात सगळ्यात आधी पडलेल्यांपैकी. तिकिटं खपली नाहीत, कर्ज राहिलं. जानेवारी २०२० मध्ये सरकारला एफएआयला वाचवायला पैसे ओतावे लागले. त्याला कारणं अनेक होती, पण स्टेडियमच्या कर्जाचं ओझं त्यात होतंच. आयआरएफयूसाठी तेच स्टेडियम चांगलं चाललं. एकाच छताखालच्या दोन कुटुंबांपैकी एकाची खोली गळते आणि दुसऱ्याची कोरडी राहते, तसं.

अट घातली की

जीएएनं स्वतःहून दिलेली परवानगी आणि तिच्याकडून काढून घेतलेली परवानगी यांतला फरक कॉर्कमध्ये दिसला. तिथलं जीएएचं मैदान पार्क ई क्वीव सरकारच्या ३ कोटी युरोंच्या मदतीनं नव्यानं बांधून २०१७ मध्ये उघडलं. खर्च हाताबाहेर गेला, कर्ज झालं. फेब्रुवारी २०१८ मध्ये कॉर्कचा सॉकरपटू लिअम मिलर कर्करोगानं वारला, वय फक्त ३६. मँचेस्टर युनायटेड, सेल्टिक आणि आयर्लंडकडून खेळलेला. लहानपणी स्थानिक जीएए क्लबातही खेळला होता. कुटुंबासाठी मदतीचा सामना ठरला. टर्नर्स क्रॉस या छोट्या सॉकर मैदानाची सात हजार तिकिटं बघता बघता संपली. पंचेचाळीस हजारांचं मैदान हाकेच्या अंतरावर, आणि जीएएचं उत्तर: नियमात बसत नाही, अधिवेशनच बदलू शकतं.

देशभर संताप झाला. तेव्हा टीशक होते लिओ वराडकर, ज्यांचं मूळ मालवण तालुक्यातल्या वराडचं. सरकारी खात्यानं आठवण करून दिली की अनुदानाला मंजुरी मिळताना मैदान इतरांनाही खुलं राहील असं गृहीत होतं. काही दिवसांत मध्यवर्ती समितीनं परवानगी दिली. २५ सप्टेंबरला मैदान खच्चून भरलं. पण २००७ मध्ये जीएएला जो मान मिळाला तो या वेळी मिळाला नाही. तेच दार, तेच पाहुणे. या वेळी मालकानं नाइलाजानं कडी काढली हे सगळ्यांनी पाहिलं होतं.

तिसरी तऱ्हा उत्तर आयर्लंडची. बेलफास्टबाहेर मेझचा तुरुंग २००० मध्ये बंद झाला. तिथं १९८१ मध्ये ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढणाऱ्या दहा आयरिश कैद्यांनी उपोषणात प्राण सोडले होते. त्याच जागेवर जीएए, सॉकर आणि रग्बी या तिघांसाठी एकच स्टेडियम, अशी सरकारी कल्पना निघाली. कागदावर इतकी सुंदर की तिघांनी तत्त्वतः होही म्हटलं. पण सॉकरच्या चाहत्यांना बेलफास्ट शहरातलंच मैदान हवं होतं. युनियनिस्टांना, म्हणजे ब्रिटनशीच जोडलेलं राहू इच्छिणाऱ्यांना, तिथं उपोषणकर्त्यांचं स्मारक होईल अशी धास्ती. मैदानाची मापं तिघांची वेगळी. आणि मुळात कुणाचंच ते घर नव्हतं, त्यामुळे कुणीच त्यासाठी भांडायला उभं राहिलं नाही. जानेवारी २००९ मध्ये योजना रद्द झाली.

२०११ मध्ये पैसे तिघांना वेगवेगळे वाटून दिले. रग्बीचं रेवनहिल २०१४ मध्ये तयार झालं, सॉकरचं विंडसर पार्क २०१६ मध्ये. जीएएच्या वाट्याला पश्चिम बेलफास्टमधलं केसमेंट पार्क आलं. तिथला शेवटचा सामना २०१३ मधला. शेजारच्या रहिवाशांनी न्यायालयात धाव घेतली, डिसेंबर २०१४ मध्ये बांधकाम परवानगी रद्द झाली. पुन्हा आराखडा, पुन्हा मंजुरी, आणि तोवर खर्च कितीतरी पटींनी वाढलेला. युरो २०२८ चे सॉकर सामने तिथं घ्यायचे, म्हणजे ब्रिटिश सरकार पैसे देईल, असं ठरलं. परक्या खेळाच्या आधारानं जीएएचं मैदान उभं राहणार होतं. नियम ४२ च्या भांडणात उत्तरेच्या काउंट्या कुठं उभ्या होत्या हे आठवलं की हसावं की काय कळत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये लंडननं कळवलं की स्पर्धेआधी ते बांधून होणार नाही आणि त्यासाठी पैसे मिळणार नाहीत.

पुढच्याच महिन्यात डब्लिनमध्ये लेन्स्टर आणि मन्स्टर पुन्हा क्रोक पार्कवर भिडले. लेन्स्टरच्या स्वतःच्या मैदानाचं नूतनीकरण चालू होतं, म्हणून त्यांनी भाड्यानं घेतलं. ऐंशी हजारांवर लोक आले. कुणी पदकं परत नेली नाहीत, कुणी फलक धरला नाही. खांब बदलले, सामना झाला, खांब पुन्हा बदलले.